धायटी ओळखायची कशी: लाल रंगावर थांबू नका, फूल उघडून बघा

“बाई, ह्याला पाकळ्याच न्हाईत की!”

फेब्रुवारीतली सकाळ होती. केर्लीवरून जोतिबाला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आम्ही थांबलो होतो आणि सातवीतली एक मुलगी तळहातावरचं फूल माझ्यापुढे धरून उभी होती. फूल धायटीचं, टाचणीनं उभं चिरलेलं. पाकळ्या होत्या, सहाच्या सहा होत्या. पण तांदळाच्या कणीएवढ्या, नळीच्या तोंडाशी दातांच्या आड दडलेल्या. आम्ही वाकून भिंगातून मोजल्या तेव्हा कुठे तिची खात्री पटली. म्हणजे अख्खा उतार लाल करणारा तो रंग पाकळ्यांचा नव्हताच. तो फुलाच्या बाहेरच्या पेल्याचा होता, शाळेच्या पुस्तकात ज्याला निदलपुंज म्हणतात त्याचा.

तेव्हापासून धायटी शिकवायची तर मी सुरुवात तिथूनच करते. आपल्याकडे लाल फुलाचं झुडूप दिसलं की झटकन नाव ठेवलं जातं. दर वर्षी संक्रांतीनंतर माझ्या फोनवर ‘बाई, ही धायटी ना?’ असे फोटो यायला लागतात. त्यातले बरेचसे रस्त्याच्या दुभाजकात लावलेल्या हॅमेलियाचे असतात, काही मुरुडशेंगेचे, एखादा चक्क बांडगुळाचा. रंग सगळ्यांचा लाल. म्हणून ओळख पटवायची ती रंगावरून पटवायची नाही. पान, साल, फुलाची घडण आणि फळ, या चार गोष्टी बघायच्या. त्या कशा बघायच्या ते इथे सविस्तर लिहिते.

आधी नावाचा गुंता

मराठीत धायटी, सुकलेल्या फुलांना धायफूल. संस्कृतात धातकी, शिवाय ताम्रपुष्पी आणि वह्निज्वाला. ही नावं ठेवणाऱ्यांनी झुडूप नीट पाहिलं होतं असं मला वाटतं, कारण धायटीचा लाल हा जास्वंदीसारखा गडद लाल नाही. त्याच्यात तांब्याची झाक आहे आणि उन्हात तो निखाऱ्यासारखा दिसतो. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा.

धायटी आणि धावडा यांची मात्र गल्लत करू नका. बाजारात दोन्ही नावं कानाला जवळची लागतात. धावडा हा मोठा वृक्ष, त्याचा डिंक लाडवात घालतात. धायटी हे झुडूप, पुरुषभर किंवा थोडं जास्त उंच. दोघांची कुळंही वेगळी.

धायटीचं कूळ मेंदीचं. तामण, नाणा, बोंडारा आणि डाळिंबही त्याच कुळातले. डाळिंबाचं नाव मी मुद्दाम घेतलं. परसात डाळिंब असेल तर त्याचं फूल हातात घेऊन बघा: बाहेरचा लाल, जाड, दाते असलेला पेला. फळ मोठं झालं तरी तो पडत नाही, डाळिंबाच्या डोक्यावर मुकुट बनून राहतो. धायटीचा पेलाही तसाच टिकतो. डाळिंबाच्या पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या मोठ्या असतात आणि धायटीच्या कणीएवढ्या, एवढाच मोठा फरक. घरचं डाळिंब नीट पाहिलेल्या माणसाला डोंगरावरची धायटी निम्मी ओळखता येते.

कधी जायचं, कुठे बघायचं

कोल्हापूरच्या माणसाला महिने सांगण्यापेक्षा सण सांगितलेले बरे. संक्रांतीच्या आसपास पहिली फुलं दिसतात, शिमग्याला झुडूप भरात असतं आणि चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या चढतात तेव्हा बहर ओसरत आलेला असतो. इंग्रजी महिन्यांत सांगायचं तर जानेवारी ते एप्रिल. पहिल्यांदा ओळखायला निघाला असाल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात धरा. तेव्हा एकाच फांदीवर कळी, उमललेलं फूल आणि तयार होत आलेलं फळ असं तिन्ही सापडतं, आणि ते तिन्ही एकत्र बघायला मिळणं फार मोलाचं असतं.

जागेचं म्हणाल तर पन्हाळा आणि जोतिबाचे उतार शहरापासून सगळ्यात सोयीचे. त्यापुढे गगनबावड्याकडचा रस्ता, आंबा घाटाकडचा भाग, राधानगरी आणि दाजीपूरचा परिसर. या सगळीकडे एक गोष्ट लक्षात ठेवा: धायटी हे जंगलाच्या मधल्या थरातलं झुडूप आहे, पण तिला ऊन लागतं. दाट सदाहरित रानात, जिथे दुपारीही अंधारल्यासारखं वाटतं, तिथे शोधत बसू नका. पानगळीच्या रानात शोधा. ऐन, किंजळ, नाणा ही मोठी झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतात आणि खालच्या झुडपांवर ऊन येतं. धायटीचा बहर नेमका त्याच दिवसांतला. रानाची कड, पायवाटेचा काठ, ओढ्याची दरड, रस्त्यासाठी फोडलेला डोंगर, मुरमाड उतार, या तिच्या आवडीच्या जागा. सड्याच्या उघड्या जांभ्या दगडावर ती सहसा नसते, पण सडा संपून उतार सुरू होतो त्या काठावर बघा.

वणवा लागून गेलेल्या उतारावरही बघायला विसरू नका. वरचं सगळं जळालं तरी बुंध्यातून तिला पुन्हा धुमारे फुटतात. असं झुडूप बुटकं, बुडापासून अनेक फांद्यांचं दिसतं. त्यावरून दुसरी जात समजू नका.

बरोबर काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पंधरा सेंटिमीटरची पट्टी, दोन टाचण्या, एक पांढरा कागद, वही-पेन्सिल आणि फोन. भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातून जवळचा फोटो काढून तो मोठा करून बघता येतो, पण भिंगाची सर त्याला नाही. पायात बूट हवेत. फेब्रुवारीतलं वाळलेलं गवत तुडवताना आधी काठी आपटा, मग पाय टाका. घोणस अशाच गवतात पडून असते.

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या हद्दीत जाणार असाल तर तिथे काहीही तोडायचं नाही, एक फूलसुद्धा नाही. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आहे. तिथे झाडावरच भिंग लावून बघा. फूल चिरायचं असेल तर ते रस्त्याकडेच्या झुडपाचं, आणि कुणाच्या शेताच्या बांधावरचं असेल तर विचारून. एका गटाला एक फूल पुरतं.

पहिली पायरी: लांबून ठेवण बघा

झुडपाजवळ लगेच जाऊ नका. दहा-पंधरा पावलांवर थांबून त्याचा आकार बघा. धायटीच्या फांद्या सरळ वर जात नाहीत. बुंध्यापासून निघून कमानीसारख्या वाकतात आणि टोकाला खाली झुकतात. उंची साधारण एक ते तीन मीटर. फुलं फांदीच्या फक्त टोकाला नसतात. फांदीच्या लांबीवर, पानांच्या बगलेत, लहान लहान झुपक्यांनी ती ओळीनं लागलेली असतात. बहराच्या दिवसांत फांदीवरची पुष्कळ पानं झडलेली असतात, त्यामुळे लांबून बघताना लाल मण्यांच्या माळा लोंबताहेत असं वाटतं.

इथे दोन फसगती होतात. मार्चमध्ये कोशिंबाला येणारी कोवळी पालवी इतकी लाल असते की समोरच्या डोंगरावरून ती फुलंच वाटतात. पण कोशिंब मोठं झाड आहे, आणि जवळ गेलं की लाल आहे ती पानं हे कळतं. दुसरी फसगत बांडगुळाची. त्याची फुलंही नळीसारखी, केशरी-लाल. म्हणून लाल झुपका दिसला की त्या फांदीचा माग काढत खाली या. बुंधा जमिनीत गेलेला असला पाहिजे. तो दुसऱ्याच झाडाच्या फांदीत रुतलेला असेल तर ते बांडगूळ, पुढे काही तपासायची गरज नाही.

आणि झुडपावर काय येतं तेही दोन मिनिटं बघा. धायटीत मध भरपूर. शिंजीर, म्हणजे तो चकाकणारा जांभळा चिमुकला पक्षी, फांदीला लटकून एकेका नळीत चोच घालतो. मधमाश्या असतातच. पक्षी आला म्हणून धायटी ठरत नाही, पांगाऱ्यावरही तो येतो. पण वाकलेल्या लाल फांद्यांवर शिंजीर खालीवर करताना दिसला की मी तिकडे वळतेच.

दुसरी पायरी: साल आणि फांदी

जुन्या फांदीची साल तांबूस-तपकिरी असते आणि पातळ, धाग्यांसारख्या पट्ट्यांनी सुटत असते. बोट फिरवलं की सुटलेली टोकं लागतात. ओढून काढू नका, बघायला तेवढं पुरे. काटा कुठेही नाही. काटा असेल, फांदी चौकोनी असेल आणि पान चुरगळल्यावर उग्र वास येत असेल तर ती घाणेरी, टणटणी म्हणा. फांदी किंवा पान मोडल्यावर पांढरा चीक आला तरी ती धायटी नव्हे.

तिसरी पायरी: पान उलटं करा

माझ्या मते ओळख पक्की करणारी जागा हीच, कारण फुलं चार महिने असतात आणि पानं त्याहून कितीतरी जास्त काळ. पानात चार गोष्टी बघायच्या.

एक, मांडणी. पानं समोरासमोर जोडीनं येतात. एखाद्या फांदीवर तीन-तीन एका पेराला मिळाली किंवा जोडीतली दोन पानं थोडी मागेपुढे झालेली दिसली तर गोंधळून जाऊ नका, धायटीत ते चालतं. पण सगळ्या फांदीवर पानं एकाआड एक असतील तर नाव खोडून टाका.

दोन, आकार. भाल्याच्या पात्यासारखं लांबट, टोकाकडे निमुळतं, साधारण पाच ते दहा सेंटिमीटर लांब आणि दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद. कड सरळ, करवतीसारखे दाते अजिबात नाहीत.

तीन, देठ. खरं तर देठ नाहीच म्हणायचं. पानाचं बूड गोलसर किंवा किंचित बदामाच्या आकाराचं असतं आणि ते फांदीला टेकूनच बसतं. पुष्कळ झुडपांचं पान बुडाशी निमुळतं होत देठात उतरतं. इथे ते फांदीला चिकटवल्यासारखं वाटतं.

चार, खालची बाजू. वरून पान हिरवं, खालून राखाडी-पांढरट आणि मखमली लवेचं. आता भिंग लावा. त्या लवेत बारीक काळे ठिपके विखुरलेले दिसतील, कुणी काजळाच्या काडीनं टोचून ठेवल्यासारखे. या ग्रंथी आहेत. पानाला देठ नाही, पोट पांढरट आणि त्यावर काळे ठिपके, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आपल्या भागात मी धायटीवर बोट ठेवते, फूल नसलं तरीही.

हे मी चुकून शिकले आहे. एका जुलैत राधानगरीच्या बाजूला मी समोरासमोर पानांचं, खालून फिकट दिसणारं एक रोप ‘धायटी’ म्हणून मुलांना वहीत लिहायला सांगितलं. पावसात भिंग काढायचा कंटाळा केला होता. वर्षभरानं तेच रोप पाहिलं तर ते नाण्याचं निघालं. दोघं एकाच कुळातले, त्यामुळे तोंडवळा मिळतोच. पण नाण्याच्या पानाला आखूड का होईना, स्पष्ट देठ असतो, आणि ते काळे ठिपके नसतात. मुलांच्या वह्यांत मी जाऊन दुरुस्ती करून घेतली. चुकीचं नाव एकदा वहीत बसलं की पुढच्या वर्षी ते पोर दुसऱ्या चौघांना तेच सांगतं.

उक्षीचंही असंच होतं. तिच्याही फांद्या वाकतात, पानं समोरासमोर, खाली लव. पण उक्षीची लव तांबूस, पानं रुंद आणि देठाची.

चौथी पायरी: फूल उघडा

एक पूर्ण उमललेलं फूल घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. आधी न चिरता बघा. साधारण एक ते दीड सेंटिमीटरची लाल नळी, किंचित वाकलेली, तोंड तिरकं. तोंडाशी सहा छोटे त्रिकोणी दाते. नळीतून बाहेर डोकावणारे लांब केसर, आणि ते चारी बाजूंना पसरलेले नाहीत, एका बाजूला झुकलेले.

आता टाचणीनं नळी बुडापासून तोंडापर्यंत उभी चिरा आणि बोटानं हलकेच सपाट करा. बुडाशी ओल लागेल, तोच मध. डोंगरातली पोरं फूल खुडून नळी चोखतात ती याच्यासाठी. सपाट केलेल्या नळीवर आता हे मोजा:

सहा दाते. दोन दात्यांच्या फटीत, अगदी काठावर, सहा पाकळ्या. चिंचोळ्या, टोकदार, दात्यांहून जेमतेम लांब. याच त्या ‘नसलेल्या’ पाकळ्या. त्यांच्यासाठी भिंग हवंच, आणि सुकत आलेल्या फुलात त्या गळून गेलेल्या असू शकतात, म्हणून ताजं फूल घ्यायचं. मग बारा पुंकेसर. ते पाकळ्यांजवळ जोडलेले नसतात; नळीच्या बऱ्याच खालच्या भागातून निघतात आणि लांब होऊन बाहेर येतात. मोजताना टाचणीनं एकेक बाजूला सारा, घाई केली की दहाच भरतात. शेवटी नळीच्या तळाशी बीजांडकोश आणि त्याच्यावरची एक लांब दांडी.

सहा, सहा, बारा, एक. मुलं हे पाढ्यासारखं पाठ करतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. या आकड्यांपुढे बाकीची लाल फुलं टिकत नाहीत.

पाचवी पायरी: दुसरं कोणी नाही ना?

मुरुडशेंग हिचा खरा प्रतिस्पर्धी, कारण तीही आपल्याच रानाची, तीही मधल्या थरातली आणि लाल फुलाचीच. तिचा बहर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा. गंमत अशी की तिचं फूल ताजं असताना लाल आणि शिळं झालं की निळसर राखाडी होतं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात. धायटीत असा निळसरपणा कधी येत नाही. मुरुडशेंगेच्या पाकळ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. पानं एकाआड एक, रुंद, खरखरीत, कडेला दाते असलेली. आणि फळ पाहिलं की प्रश्नच मिटतो: स्क्रूसारखी पिळलेली शेंग, बाळगुटीत उगाळतात तीच. वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यापर्यंत झुडपावर राहतात, म्हणजे धायटी फुललेली असते तेव्हाही शेजारच्या मुरुडशेंगेवर हा पुरावा लटकलेला असतो. दोन्ही शेजारी शेजारी मिळाली तर शिकायला त्याहून चांगली जागा नाही.

पेंटगूळ, बागवाल्यांच्या भाषेत इक्झोरा, कोकणाच्या अंगाला रानात आहे आणि घरोघरी कुंपणाला आहे. त्याची नळी लांब, सुईसारखी बारीक आणि तिच्या टोकाला चार मोठ्या पाकळ्या सपाट उघडलेल्या. चार आकडा आला की विषय संपला. पान गुळगुळीत, जाड, चकचकीत.

हॅमेलिया मूळची अमेरिकेची. कॉलन्यांत, दुभाजकांत ती इतकी लावली आहे की ती इथलीच आहे असं लोकांना वाटू लागलंय. फुलं केशरी-लाल नळ्या, पण फांदीच्या टोकाला फाकलेल्या झुपक्यांत, दाते पाच, पानं तीन-चारच्या चक्रात आणि स्पष्ट देठाची, फळं रसाळ, पिकल्यावर काळपट. डोंगरउतारावर ती सहसा नसते, आणि बागेत धायटी सहसा नसते, हेही एक कामचलाऊ गमक. त्याच्यावर निर्णय देऊ नका, पण पहिला संशय त्यावरून घ्यायला हरकत नाही.

पळस, पांगारा, काटेसावर याच दिवसांत फुलतात. त्यांची लहान रोपं फुलत नाहीत आणि मोठी झाडं झुडूप वाटत नाहीत, तेव्हा त्यांच्यावर वेळ घालवायला नको.

फुलं नसताना

जून ते डिसेंबर फूल मिळणार नाही. मग वाकलेल्या फांद्या, सुटणारी तांबूस साल आणि तिसऱ्या पायरीतलं उलटं पान, एवढ्यावर काम करायचं. सावलीत वाढलेलं झुडूप थोडं वेगळं दिसतं: पानं मोठी आणि विरळ, लव कमी, फांद्या उजेडाच्या बाजूला लांब गेलेल्या. अशा झुडपाला बहरही बेताचाच येतो. त्याच्याजवळ उन्हातलं एखादं झुडूप शोधून दोघांचं पान शेजारी ठेवून बघा. बूड आणि ठिपके दोन्हीकडे तेच असतील.

जुन्या फांदीवर गेल्या हंगामातले वाळलेले पेले कधीकधी अडकून राहिलेले असतात. तपकिरी पडलेले, पण सहा दाते शाबूत. असा एक पेला मिळाला तर फूल मिळाल्यासारखंच.

दुकानातली धायफुलं तपासताना

काष्ठौषधीच्या दुकानात धायफूल मिळतं. आसव-अरिष्टांत ते घालतात, काढ्यात गूळ किंवा मध घातल्यावर मिश्रण आंबायला लागावं म्हणून. फुलांबरोबर येणारं रानातलं यीस्ट ते काम करतं. फुलांत टॅनिनही बरंच, आणि पूर्वी त्यांच्यापासून लाल रंग काढून कापड रंगवत. औषध म्हणून काय, किती घ्यायचं ते वैद्यांना विचारा, ते सांगणं माझं काम नाही. पण हातात आलेलं फूल धायटीचंच आहे का, हे घरी बघता येतं.

चिमूटभर वाळलेली फुलं बशीत घ्या. ती विटकरी-तपकिरी, चुरगळलेली आणि हलकी असतात. कोमट पाणी घाला आणि तासभर राहू द्या. सुकलेली नळी पाण्यात फुगते, सुरकुत्या सुटतात. मग टाचणीनं तिला उघडून दाते मोजा. सहा दाते आणि तळाशी बारीक फळ किंवा बीजांडकोश दिसला की बरं. पाणीही लालसर होतं. बशीच्या तळाशी काड्या आणि पानांचा चुरा किती उरतो तेही बघा. चांगल्या मालात तो थोडाच असतो.

नोंद करताना

आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर नोंद टाकायची असेल तर नुसता लाल फांदीचा सुंदर फोटो टाकू नका, त्यावरून कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. पाच फोटो काढा: अख्खं झुडूप आजूबाजूच्या जागेसकट, साल, पानाची वरची बाजू आणि बूड, पानाची खालची बाजू पट्टीसह, आणि फूल, जमल्यास चिरलेलं. जागा, तारीख, उतार की ओढा की रस्त्याची कड, आणि फूल-फळाची स्थिती लिहा. ॲपनं आपोआप सुचवलेलं नाव तसंच स्वीकारू नका. आधी सहा, सहा, बारा मोजा, मग बटण दाबा. शंका उरलीच तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे जाऊन विचारता येतं; जाताना हेच पाच फोटो घेऊन जा.

शेवटची पायरी वैशाखात

फुलात ओळखलेल्या झुडपाकडे एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात परत जा. म्हणून पहिल्या फेरीतच त्याची जागा नेमकी लिहून ठेवा: कोणत्या वळणानंतर, रस्त्याच्या कोणत्या हाताला. आता लाल रंग उतरून पेले तपकिरी झालेले असतील, पण पडलेले नसतील. एक पेला दोन बोटांत धरून हलकेच फाडा. आत कागदासारख्या पातळ सालीचं, लांबट, सेंटिमीटरभराचं बोंड मिळेल. पिकलेलं असेल तर दाबल्याबरोबर फुटतं. पांढरा कागद खाली धरा आणि वारा अडवायला पाठ करून उभे राहा, कारण तपकिरी बी इतकं बारीक असतं की फुंकरीनं उडून जातं.

परसात लावायचं असेल तर बांधावरच्या झुडपाची, मालकाला विचारून घेतलेली चार-पाच बोंडं पुष्कळ झाली. माती चाळून कुंडीत भरा, ओली करा, बी वर भुरभुरा आणि मातीनं गाडून टाकू नका, नुसतं हातानं दाबा. पाणी ओतू नका, फवारा. मे अखेरीला हे केलं की पुढचं काम मृगाचा पाऊस करतो. रोपाला चार-सहा पानं आली की एक पान उलटून भिंग लावा आणि काळे ठिपके दिसतात का ते बघा.